घटक ४ : सॉकेटद्वारे माहितीची देवाणघेवाण – पाठवणे, पोहोचणे आणि पोच

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला,

• सॉकेट ही संकल्पना आणि तिच्यातील पत्ता, पोर्ट व जोडणी यांचे स्थान सांगता येईल.
• माहिती 'पाठवणे' व 'स्वीकारणे' या क्रियांच्या वेळी संगणकाच्या आत काय घडते, हे स्पष्ट करता येईल.
• देवनागरी मजकूर प्रवासात कोठे व का तुटतो, याची कारणमीमांसा करता येईल.
• संदेशाचे सीमांकन करण्याच्या पद्धती उदाहरणांसह सांगता येतील.
• 'पाठवले', 'पोहोचले' आणि 'नोंदले' यांतील भेद ओळखून त्याचा व्यवहारात उपयोग करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण युनिकोड या संकेतप्रणालीचा परिचय करून घेतला. मराठीतील प्रत्येक वर्णाला आणि चिन्हाला एक निश्चित संकेतांक असतो, हे आपण पाहिले. संगणकात साठवलेला हा मजकूर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसा जातो, याचा विचार प्रस्तुत घटकात करावयाचा आहे.

स्वाध्यायाची फाइल संकेतस्थळावर चढवणे, परीक्षेचे शुल्क भरणे, वृत्तपत्राच्या कार्यालयाकडे बातमी धाडणे, अनुवाद पूर्ण करून ई-मेलने पाठवणे ही कामे आता आपल्या अंगवळणी पडली आहेत. पडद्यावर 'पाठवले' हा शब्द उमटला की काम संपले, असे आपण मानतो. परंतु कधी फाइल पोहोचलेलीच नसते, कधी शुल्क खात्यातून वजा होते आणि पावती मात्र येत नाही, तर कधी मजकुरातील एखादे जोडाक्षर जाऊन तेथे प्रश्नचिन्हांचे चौकोन दिसू लागतात. वरवर पाहता या तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत. त्यांच्या मुळाशी मात्र एकच प्रश्न आहे : संगणक जेव्हा 'पाठवले' असे म्हणतो, तेव्हा तो नेमके काय सांगत असतो?

या प्रश्नाचे उत्तर सॉकेट या संकल्पनेच्या अभ्यासातून मिळते. आपण भाषेचे विद्यार्थी आहोत, प्रोग्राम लिहिणारे नाही. म्हणून येथे प्रोग्रामच्या ओळी दिलेल्या नाहीत. तरीही उपयोजित मराठीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यास मजकुराच्या प्रवासाचे हे व्याकरण ठाऊक असणे आवश्यक आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ सॉकेट म्हणजे काय?

सॉकेट हा शब्द आपल्या घरात विजेच्या बोर्डामुळे रुळलेला आहे. भिंतीमागील तारा कोठून येतात, वीज कोणत्या केंद्रात तयार होते, हे ठाऊक नसताही सॉकेटमध्ये पिन बसवली की उपकरण चालू होते. संगणकातील सॉकेटही याच अर्थाने जोडणीची जागा आहे. एखाद्या प्रोग्रामला दुसऱ्या संगणकावरील प्रोग्रामशी बोलावयाचे असेल, तर तो आपल्या संगणकाच्या कार्यप्रणालीकडे एक सॉकेट मागतो. पुढे तारा, लहरी, मार्ग या साऱ्यांची व्यवस्था कार्यप्रणाली पाहते. प्रोग्रामला केवळ दोन मुख्य क्रिया ठाऊक असाव्या लागतात : सॉकेटमध्ये माहिती घालणे, म्हणजे 'सेंड', आणि सॉकेटमधून माहिती काढून घेणे, म्हणजे 'रिसीव्ह'.

या व्यवस्थेचा इतिहास थोडक्यात असा आहे. १९७४ साली व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी निरनिराळ्या जाळ्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या संदेशवहनाच्या नियमांची मांडणी प्रसिद्ध केली. त्यातूनच पुढे 'ट्रान्समिशन कंट्रोल प्रोटोकॉल' म्हणजे टीसीपी आणि 'इंटरनेट प्रोटोकॉल' म्हणजे आयपी हे नियमसंच सिद्ध झाले. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट हे जाळे या नियमांवर चालू लागले. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेने युनिक्स कार्यप्रणालीची जी आवृत्ती प्रसृत केली, तिच्यात सॉकेटची ही रचना होती. आज संगणकापासून मोबाइल फोनपर्यंत सर्वत्र मूलतः तीच रचना वापरली जाते.

४.२.२ पत्ता, पोर्ट आणि जोडणी

पत्र पोहोचण्यासाठी पत्ता लागतो. संगणकाच्या बाबतीत या पत्त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग आयपी पत्ता. तो संगणक ओळखण्यासाठी असतो. दुसरा भाग पोर्ट क्रमांक. एकाच संगणकावर अनेक प्रोग्राम एकाच वेळी चालत असल्यामुळे आलेली माहिती त्यांपैकी कोणाची, हे पोर्ट क्रमांकावरून ठरते. इमारतीचा पत्ता आणि त्यातील खोलीचा क्रमांक यांच्यासारखे हे नाते आहे. पोर्ट क्रमांक ० ते ६५,५३५ या मर्यादेत असतो. काही क्रमांक ठरावीक कामांसाठी राखून ठेवलेले आहेत. उदाहरणार्थ, संकेतस्थळांच्या सुरक्षित देवाणघेवाणीसाठी ४४३ आणि ई-मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे जाण्यासाठी २५.

सेवा देणारा संगणक म्हणजे सर्व्हर. तो एक सॉकेट तयार करतो, ते ठरावीक पोर्टशी बांधतो आणि कोणी हाक देते का, हे ऐकत राहतो. सेवा मागणारा संगणक म्हणजे क्लायंट. तो त्या पत्त्यावर हाक देतो. यानंतर तीन लहान निरोपांची देवघेव होते. दूरध्वनीवर आपण "माझा आवाज येतोय का?" असे विचारतो. पलीकडून "हो, येतोय, माझा येतोय का?" असे उत्तर येते आणि आपण "हो" म्हणतो. नेमके तेवढेच येथे घडते. दोन्ही दिशांनी आवाज पोहोचतो, याची खात्री झाल्यावरच संभाषण सुरू होते.

येथे एक सूक्ष्म भाग लक्षात घ्यावा. हाक ऐकणारे सॉकेट आणि प्रत्यक्ष संभाषण करणारे सॉकेट ही दोन वेगळी असतात. कार्यालयाच्या चौकशी खिडकीवरील कर्मचारी प्रत्येक अभ्यागताला स्वतंत्र मेजाकडे पाठवतो आणि स्वतः पुढच्या माणसासाठी मोकळा राहतो. सर्व्हरही प्रत्येक क्लायंटसाठी नवे सॉकेट उघडतो. त्यामुळेच एकाच वेळी हजारो विद्यार्थ्यांना एकच संकेतस्थळ पाहता येते. दोन्ही बाजूंचे आयपी पत्ते आणि दोन्ही बाजूंचे पोर्ट क्रमांक या चार गोष्टींवरून प्रत्येक जोडणी वेगळी ओळखली जाते.

४.२.३ पाठवण्याची क्रिया : जावक नोंदवही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रोग्रामने 'सेंड' म्हटले की माहिती लगेच दुसऱ्या संगणकाकडे निघून जाते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. कार्यप्रणालीजवळ प्रत्येक सॉकेटसाठी एक तात्पुरती साठवण असते. तिला 'बफर' म्हणतात. 'सेंड' ही क्रिया प्रोग्रामकडील बाइट या साठवणीत ठेवते आणि 'इतके बाइट घेतले' असे उत्तर देते. ते बाइट प्रत्यक्ष केव्हा निघतील, हे कार्यप्रणाली ठरवते.

शासकीय कार्यालयातील जावक नोंदवही डोळ्यांसमोर आणावी. लिपिकाने पत्र तयार करून जावक विभागाकडे दिले आणि नोंदवहीत क्रमांक पडला, की त्याच्या दृष्टीने पत्र 'गेले'. पण ते पत्र टपालाच्या थैलीत पडले की नाही, समोरच्या कार्यालयाच्या आवक विभागात पोहोचले की नाही, हे जावक क्रमांक सांगू शकत नाही. 'सेंड'चे उत्तर म्हणजे हा जावक क्रमांक होय.

शिवाय ही साठवण मर्यादित असते. स्वीकारणारा संगणक संथ असेल किंवा मध्ये जाळे मंद असेल, तर साठवण भरते. मग 'सेंड' एक तर थांबून राहते, नाही तर थोडेच बाइट घेऊन परत येते. दहा हजार बाइट दिले असता 'सहा हजार घेतले' असे उत्तर येऊ शकते. उरलेले चार हजार पुन्हा देण्याची जबाबदारी प्रोग्रामची असते. हे उत्तर न वाचता पुढे जाणारा प्रोग्राम मजकुराचा मधला भाग गमावून बसतो.

साठवणीतील बाइट पुढे पॅकेटच्या रूपाने निघतात. इथरनेट जाळ्यावर एका पॅकेटची मर्यादा सामान्यतः १,५०० बाइट असते. त्यांतील किमान २० बाइट आयपीच्या आणि २० बाइट टीसीपीच्या शीर्षकाला लागतात. मजकुरासाठी १,४६० उरतात. टीसीपी प्रत्येक बाइटचा अनुक्रम मोजतो, हरवलेला भाग पुन्हा पाठवतो आणि मागेपुढे पोहोचलेले भाग क्रमाने लावतो. बाइटांचा क्रम व पूर्णता सांभाळणे ही टीसीपीची हमी आहे. तिची मर्यादा पुढील भागात दिसेल.

४.२.४ स्वीकारण्याची क्रिया : सलग प्रवाह

स्वीकारणाऱ्या संगणकावरही अशीच साठवण असते. आलेले बाइट तेथे जमा होतात आणि प्रोग्रामने 'रिसीव्ह' म्हटले की त्याला दिले जातात. मात्र 'शंभर बाइट द्या' असे म्हटल्यावर शंभर मिळतीलच असे नाही. त्या क्षणी साठवणीत चाळीस असतील, तर चाळीस मिळतात. शंभर ही मागणीची कमाल मर्यादा असते.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पाठवणाऱ्याने तीन वेळा 'सेंड' केले म्हणून स्वीकारणाऱ्याला तीन तुकडे मिळत नाहीत. तिन्ही एकत्र मिळू शकतात, किंवा एकाचेच पाच तुकडे होऊ शकतात. टीसीपीच्या दृष्टीने संदेश, वाक्य, परिच्छेद असे काही नसते. असतो तो केवळ बाइटांचा सलग प्रवाह.

मोडी लिपीचा ज्यांनी परिचय करून घेतला आहे, त्यांना ही कल्पना लवकर उमगेल. मोडी लेखनात ओळीच्या प्रारंभापासून अखेरपर्यंत सलग शिरोरेघ आखून तिच्याखाली अक्षरे लिहीत. शब्द तोडून लिहिण्याची व विरामचिन्हे देण्याची पद्धत त्यात नव्हती. एक शब्द कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, हे वाचणारा भाषेच्या ज्ञानावरून ठरवीत असे. बाइटांचा प्रवाहही असाच अखंड असतो. फरक इतकाच की, यंत्राजवळ मोडी वाचकाची भाषाजाण नसते. त्याला सीमा अगोदर सांगून ठेवाव्या लागतात.

'रिसीव्ह'ने दिलेल्या उत्तराचे तीन प्रकार असतात. उत्तर शून्याहून मोठे असेल, तर तितके बाइट मिळाले. उत्तर शून्य असेल, तर समोरच्या बाजूने आपले पाठवणे संपवले आहे. उत्तर त्रुटीचे असेल, तर जोडणीत बिघाड झाला आहे, किंवा क्वचित, तूर्त काही आलेले नसल्याने पुन्हा विचारावे, असा त्याचा अर्थ असतो. शून्य आणि त्रुटी यांत गल्लत करू नये. बोलणारा 'संपले' म्हणून थांबला आणि बोलता बोलता त्याचा आवाज तुटला, या दोन वेगळ्या घटना आहेत.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
योग्य शब्दांनी रिकाम्या जागा भरा.
१) एकाच संगणकावरील विविध प्रोग्राम ओळखण्यासाठी ........ क्रमांक वापरतात.
२) 'सेंड' ही क्रिया बाइट प्रथम ........ मध्ये ठेवते.
३) 'रिसीव्ह'चे उत्तर ........ आले, तर समोरच्या बाजूने पाठवणे संपवले आहे असे समजावे.

४.२.५ देवनागरी मजकूर प्रवाहात

सॉकेटला अक्षरे कळत नाहीत, केवळ बाइट कळतात. म्हणून पाठवण्यापूर्वी मजकुराचे बाइटांत रूपांतर करावे लागते. यासाठी आज यूटीएफ-८ ही पद्धत प्रचलित आहे. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ साली तयार केली. या पद्धतीत रोमन लिपीतील साध्या अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक संकेतांकाला तीन.

'नमस्कार' हा शब्द घेऊ. आपण त्यात न, म, स्का, र अशी चार अक्षरे मोजतो. संगणकाच्या दृष्टीने त्यात न, म, स, हलन्त चिन्ह, क, काना आणि र असे सात संकेतांक आहेत. प्रत्येकी तीन याप्रमाणे हा शब्द २१ बाइटांचा होतो. त्यांतील 'न'चे तीन बाइट २२४, १६४, १६८ असे, तर हलन्त चिन्हाचे २२४, १६५, १४१ असे असतात.

आता समजा, या २१ बाइटांपैकी पहिल्या 'रिसीव्ह'ला १० आणि दुसऱ्याला ११ मिळाले. पहिल्या तुकड्यात न, म, स हे पूर्ण वर्ण आणि हलन्त चिन्हाचा केवळ पहिला बाइट येईल. उरलेले दोन बाइट दुसऱ्या तुकड्याच्या प्रारंभी असतील. प्रोग्रामने प्रत्येक तुकड्याचे लगेच स्वतंत्रपणे अक्षरांत रूपांतर केले, तर हलन्त चिन्ह दोन्हीकडे अनाकलनीय ठरेल. त्याच्या जागी प्रश्नचिन्हाचे काळे चौकोन उमटतील आणि 'नमस्कार'मधील जोडाक्षर नाहीसे होईल. जाळ्याने एकही बाइट हरवलेला नसताना मजकूर बिघडतो, तो असा.

हा प्रसंग दुर्मीळ नाही. वर सांगितलेल्या १,४६० बाइटांत केवळ देवनागरी संकेतांक भरले, तर ४८६ संकेतांक पूर्ण बसतात आणि दोन बाइट उरतात. म्हणजे ४८७वा संकेतांक दोन पॅकेटांत विभागला जातो. रोमन लिपीत साधे अक्षर एकाच बाइटचे असल्याने ते कधीच तुटत नाही. त्यामुळे केवळ इंग्रजी मजकुरावर तपासलेला प्रोग्राम निर्दोष वाटतो आणि मराठी मजकूर आल्यावर त्याचा दोष उघड होतो. यावरील उपाय सोपा आहे : बाइट साठवत जावे आणि संदेश पूर्ण झाल्यावरच त्यांचे अक्षरांत रूपांतर करावे. वापरकर्त्याच्या पडद्यावर बिघडलेले जोडाक्षर दिसले, तर टंकलेखनाचा किंवा फाँटचा दोष गृहीत न धरता ही शक्यताही तपासावी.

४.२.६ संदेशाचे सीमांकन

संदेश पूर्ण झाला, हे ओळखायचे कसे? प्रवाहात सीमा नसतात, म्हणून पाठवणारा आणि स्वीकारणारा यांनी त्या आपसांत ठरवाव्या लागतात. याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत.

(अ) निश्चित लांबी : प्रत्येक संदेश ठरावीक बाइटांचाच असेल, असे ठरवणे. छापील अर्जातील चौकटींप्रमाणे ही पद्धत सोपी आहे, पण लांबी सतत बदलणाऱ्या मजकुरासाठी गैरसोयीची.

(आ) समाप्तिचिन्ह : संदेशाच्या अखेरीस ठरलेले चिन्ह ठेवणे. मराठी पत्रव्यवहाराला ही कल्पना नवी नाही. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तबाची मुद्रा उमटवली जाई. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही वाढवू नये, हा तिचा अर्थ. ई-मेल पोहोचवण्याच्या नियमांत हेच काम एकट्या बिंदूची ओळ करते. ज्या ओळीत केवळ एक बिंदू आहे, तेथे पत्र संपले. मूळ मजकुरातच तशी ओळ असेल तर? यासाठी बिंदूने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीला पाठवणारा आणखी एक बिंदू जोडतो आणि स्वीकारणारा तो काढून टाकतो. समाप्तिचिन्ह मजकुरातही येऊ शकते, ही या पद्धतीची अडचण असून तिची अशी तरतूद करावीच लागते.

(इ) पूर्वलांबी : संदेशाच्या आधी त्याची लांबी कळवणे. धनादेशावर रक्कम अगोदर नमूद करावी तसे हे आहे. संकेतस्थळांच्या देवाणघेवाणीच्या एचटीटीपी या नियमांत दोन्ही पद्धतींचा संगम दिसतो. प्रारंभीच्या शीर्षकाची अखेर कोऱ्या ओळीने कळते आणि त्या शीर्षकात पुढील मजकुराची लांबी दिलेली असू शकते.

लांबी कळवताना दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले असे की, लांबी बाइटांत मोजावी. 'नमस्कार'ची लांबी संकेतांकांवरून ७ अशी कळवली, तर स्वीकारणारा सातच बाइट संदेशाचे मानील. त्याला 'नम' आणि 'स'चा एक तृतीयांश भाग मिळेल. उरलेले १४ बाइट पुढील संदेशाचा प्रारंभ समजले जातील आणि तेथून पुढचे सर्व वाचन चुकत जाईल. दुसरे पथ्य अंकांच्या क्रमाचे. २१ ही संख्या चार बाइटांत ०, ०, ०, २१ अशी लिहिली जाते. स्वीकारणाऱ्याने ती उलट क्रमाने वाचली, तर तिचे मूल्य ३५,२३,२१,५३६ होते. म्हणून मोठ्या स्थानमूल्याचा बाइट प्रथम लिहावा, असा संकेत टीसीपी-आयपीच्या नियमांत रूढ आहे. आपणही संख्या लिहिताना मोठे स्थान डावीकडे, म्हणजे प्रथम लिहितो.

पूर्वलांबीच्या पद्धतीने संदेश स्वीकारण्याचे टप्पे पुढीलप्रमाणे मांडता येतील.

१) लांबीचे चार बाइट पूर्ण मिळेपर्यंत वाचत राहावे. हे चार बाइटही तुटून येऊ शकतात.
२) त्यांवरून लांबी काढावी. ती अवाजवी मोठी असेल, तर जोडणी बंद करावी.
३) तितके बाइट जमेपर्यंत वाचन चालू ठेवावे.
४) मध्येच शून्य उत्तर आले, तर संदेश अपूर्ण मानावा.
५) सर्व बाइट मिळाल्यावरच त्यांचे अक्षरांत रूपांतर करावे.

४.२.७ पोच कोणाची?

टीसीपीमध्ये स्वीकारणाऱ्या संगणकाकडून पोच येते. मग पाठवणाऱ्याला खात्री का नसावी? याचे उत्तर, ही पोच कोण देतो, यात आहे. ती समोरच्या संगणकाची कार्यप्रणाली देते, तेथील प्रोग्राम नव्हे. बाइट साठवणीत आले की पोच निघते. प्रोग्रामने ते वाचले नसतील, वाचूनही जतन केले नसतील, किंवा त्याच क्षणी तो बंद पडला असेल. आवक विभागाने शिक्का मारून पोच दिली. पण पत्र अधिकाऱ्याच्या मेजावर गेले, त्याने ते वाचले आणि त्यावर आदेश दिला, असे त्या शिक्क्यावरून म्हणता येत नाही.

म्हणून संदेशाच्या प्रवासाचे चार टप्पे वेगळे ओळखावेत : (१) आपल्या संगणकाच्या साठवणीत नोंद, म्हणजे जावक, (२) समोरच्या संगणकाच्या साठवणीत आगमन, म्हणजे आवक, (३) समोरच्या प्रोग्रामने केलेले वाचन, आणि (४) त्याने केलेली कायम नोंद. 'सेंड'चे यश फक्त पहिला टप्पा सांगते. टीसीपीची पोच दुसऱ्यापर्यंत पोहोचते. चौथा टप्पा कळण्यासाठी समोरच्या प्रोग्रामने स्वतः उत्तर पाठवावे लागते.

एक प्रसंग कल्पून पाहू. एक विद्यार्थिनी अंतिम दिवशी रात्री गावातील अशक्त मोबाइल जाळ्यावरून स्वाध्यायाची फाइल चढवत आहे. पडद्यावरील पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत जाते आणि जाळे तुटते. ही पट्टी पुष्कळदा किती बाइट सॉकेटच्या स्वाधीन झाले, तेवढेच दाखवते. फाइल नोंदली गेली असेल किंवा नसेलही. नोंद झाली असून केवळ उत्तर परतीच्या वाटेवर हरवले असेल, तरी तिच्या पडद्यावर दिसणारे चित्र तेच राहील. तिच्या बाजूने या दोन्ही शक्यतांत फरक करता येत नाही.

अशा वेळी पुन्हा पाठवावे, तर दोनदा नोंद होण्याचा धोका. न पाठवावे, तर एकदाही न होण्याचा. स्वाध्यायाच्या बाबतीत दुसरी प्रत आली, तर फारसे बिघडत नाही. शुल्काच्या बाबतीत मात्र रक्कम दोनदा वजा होऊ शकते. यावर उपाय असा की, प्रत्येक व्यवहाराला प्रारंभीच एक वेगळा क्रमांक द्यावा आणि पुन्हा पाठवतानाही तोच वापरावा. सर्व्हरने तो क्रमांक आधी पाहिला असेल, तर नवी नोंद न करता त्याने जुन्या नोंदीचेच उत्तर द्यावे. व्यवहार क्रमांक जपून ठेवण्याची सूचना दिलेली असते, तिच्यामागे हेही एक कारण आहे. विद्यार्थ्याने यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे : पट्टी पूर्ण झाली म्हणून थांबू नये. समोरच्या प्रणालीने दिलेला नोंदणी क्रमांक किंवा पावती हातात येईपर्यंत काम झाले असे मानू नये. आणि पावती न आल्यास पुन्हा शुल्क भरण्यापूर्वी आधीच्या व्यवहाराची स्थिती तपासावी.

४.२.८ दुसरा मार्ग : यूडीपी

टीसीपीहून वेगळा असा 'यूझर डेटाग्राम प्रोटोकॉल', म्हणजे यूडीपी, १९८० साली प्रसिद्ध झाला. यात पूर्वजोडणी नसते. प्रत्येक संदेश पोस्टकार्डासारखा स्वतंत्र जातो आणि पोहोचलाच तर अखंड पोहोचतो. म्हणून येथे सीमांकनाचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र तो हरवू शकतो, दोनदा येऊ शकतो किंवा नंतरचा आधी पोहोचू शकतो. स्वीकारणाऱ्याने पुरेशी जागा ठेवली नाही, तर त्याचा उरलेला भाग टाकून दिला जातो. चित्रसंभाषणात सेकंदापूर्वीचा हरवलेला आवाज पुन्हा मागवण्यात अर्थ नसतो; तेथे हा मार्ग सोयीचा ठरतो. टीसीपी क्रम सांभाळतो पण सीमा सांभाळत नाही. यूडीपी सीमा सांभाळतो पण क्रम सांभाळत नाही, हा भेद लक्षात ठेवावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
१) यूटीएफ-८ पद्धतीत 'क्ष' या जोडाक्षरास किती बाइट लागतात?
२) टीसीपीची पोच कोण देतो?
३) संदेशाची लांबी कोणत्या एककात कळवावी?

४.३ सारांश

सॉकेट ही दोन प्रोग्राममधील संवादाची जागा होय. 'सेंड' माहिती आपल्या संगणकाच्या साठवणीत ठेवते, तर 'रिसीव्ह' त्या क्षणी उपलब्ध असेल तेवढीच देते. टीसीपी बाइटांचा क्रम व पूर्णता राखतो, परंतु संदेशाच्या सीमा जाणत नाही. त्या निश्चित लांबी, समाप्तिचिन्ह किंवा पूर्वलांबी या पद्धतींनी ठरवाव्या लागतात. देवनागरीतील प्रत्येक संकेतांक तीन बाइटांचा असल्यामुळे तो प्रवासात विभागला जाऊ शकतो. म्हणून संदेश पूर्ण झाल्यावरच त्याचे अक्षरांत रूपांतर करणे इष्ट ठरते. 'पाठवले' हा शब्द जावक नोंदीपुरता खरा असतो. काम झाल्याचा पुरावा म्हणजे समोरच्या प्रोग्रामने कायम नोंद करून दिलेले उत्तर.

४.४ पारिभाषिक शब्द

• सॉकेट : जाळ्यावरील संवादासाठी कार्यप्रणालीने प्रोग्रामला दिलेली जोडणीची जागा.
• पोर्ट क्रमांक : संगणकावरील विशिष्ट प्रोग्रामपर्यंत माहिती नेणारा क्रमांक.
• बफर : पाठवावयाचे किंवा आलेले बाइट ठेवण्याची तात्पुरती साठवण.
• प्रवाह : ज्यात संदेशांच्या सीमा नसतात असा बाइटांचा सलग क्रम.
• सीमांकन : एक संदेश कोठे संपतो, हे ठरवण्याची पद्धत.
• पोच : माहिती मिळाल्याचे स्वीकारणाऱ्याकडून आलेले उत्तर.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : १) पोर्ट २) बफर ३) शून्य
प्रश्न – २ : १) 'क्ष' हे क, हलन्त चिन्ह आणि ष अशा तीन संकेतांकांचे असल्यामुळे त्यास नऊ बाइट लागतात. २) टीसीपीची पोच स्वीकारणाऱ्या संगणकाची कार्यप्रणाली देते. ३) संदेशाची लांबी बाइटांत कळवावी.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

(अ) दीर्घोत्तरी प्रश्न
१) 'पाठवणे' आणि 'पोहोचणे' या दोन घटनांमधील अंतर सॉकेटच्या कार्यपद्धतीच्या आधारे स्पष्ट करा.
२) संदेशाच्या सीमांकनाच्या पद्धती सांगून त्यांचे गुणदोष विशद करा.

(आ) टिपा लिहा
१) देवनागरी मजकूर आणि बाइट २) टीसीपी व यूडीपी यांतील भेद ३) व्यवहार क्रमांकाचे प्रयोजन

४.७ क्षेत्रीय कार्य

१) आपल्या परिसरातील एखाद्या कार्यालयाच्या आवक-जावक पद्धतीची माहिती घ्या. पत्राच्या प्रवासातील टप्पे आणि या घटकात सांगितलेले चार टप्पे यांची तुलना करा.
२) आपण वापरत असलेल्या तीन संकेतस्थळांवर किंवा ॲपवर काम पूर्ण झाल्याचे सांगणारी मराठी वाक्ये टिपून घ्या. प्रत्येक वाक्य चारपैकी कोणत्या टप्प्याविषयी बोलते, हे ओळखा आणि जे वाक्य संदिग्ध वाटेल ते नेमक्या मराठीत पुन्हा लिहा.